मागच्या अंगणातलं झाड आणि कडू कोंबडी

गेल्या फेब्रुवारीत नागपुरात एका संध्याकाळी गारा पडल्या. प्रतापनगरात माझ्या आतेभावाच्या घरामागे एक उंच झाड आहे. त्याची मांडीएवढी जाड फांदी वाऱ्याने मोडली आणि धुण्याच्या दगडावर आली. माणसं वाचली, दगड फुटला. दुसऱ्या दिवशी दादाने एका करवतवाल्याला बोलावून फांदीचे वीतवीतभर तुकडे करून घेतले आणि मागच्या ओट्यावर रचून ठेवले. दिवाळीत त्याने दोनशे लिटरचा पत्र्याचा ड्रम आडवा कापून, आत जाळी बसवून धुरावर मांस शिजवायची भट्टी बनवली होती. तेव्हापासून तो लाकडाच्या शोधात होता, आणि इथे घरचं, फुकटचं, पक्कं दिसणारं लाकूड आपणहून दारात येऊन पडलं होतं.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "काहून बे, आपल्या मागचं झाड जहरी तर नाही न?"

रविवारी दोन अख्ख्या कोंबड्या साडेतीन तास ड्रममध्ये होत्या. बाहेर आल्या त्या डांबर फासल्यासारख्या. वहिनीने एक घास तोंडात घेतला आणि थुंकला, जीभ बधिर झाल्यासारखी वाटली म्हणाली. आत्या खातच नाही. दादाने मात्र हट्टाने एक तंगडी संपवली. पोट बिघडलं नाही, उलटी नाही, काही नाही. पण कडूपणा रात्रीपर्यंत तोंडात राहिला आणि मग त्याला झाडाची शंका आली.

मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर आहे आणि पोट बँकेत भरतो. घरात कोणाच्या कुंडीतलं रोप वाळलं की मला फोन येतो, त्यातलाच हा एक. फोनवर मी एवढंच सांगितलं की ते लाकूड पेटवू नको, कोंबडी फेकून दे आणि अंगण झाडू नको. शेवटची सूचना उशिरा पोहोचली. वहिनीने अंगण दोनदा झाडलं होतं.

करवतवाला, सुतार आणि मोबाइल

मी पोहोचेपर्यंत झाडाला पाच नावं मिळाली होती. शेजारच्या काकांच्या मते तो साधा कडुनिंब, "साल पहा न". गल्लीतल्या सुताराने कापलेला तुकडा हातात घेऊन फिरवला आणि साग सांगितला, मग वजन पाहून महोगनीवर आला. दादाने मोबाइलमधल्या ओळख पटवणाऱ्या ॲपला फोटो दाखवले होते. खोडाच्या फोटोवर ॲपने कडुनिंब म्हटलं, लाकडाच्या फोटोवर शिसम. पाचवं नाव करवतवाल्याचं. तो छत्तीसगडचा. काम संपवून पैसे मोजताना तो सहज बोलून गेला होता, "बकायन है भैया, जलाने में ठीक नहीं, चौखट बनवा लो." ते कोणी मनावर घेतलं नाही. दादाला तर ते मी खोदून खोदून विचारल्यावर आठवलं.

ॲपची बाजू घेऊन एक सांगतो. अशी ॲपं पानं आणि फुलं बऱ्यापैकी ओळखतात, कारण त्यांना शिकवायला वापरलेले फोटो मुख्यतः त्यांचेच असतात. खोडाची साल वय, पाऊस, शेवाळ आणि उन्हाप्रमाणे बदलते. एकाच झाडाची साल उत्तरेला एक आणि दक्षिणेला दुसरी दिसू शकते. फेब्रुवारीत झाड पूर्ण निष्पर्ण होतं, त्यामुळे दादाने ॲपला विचारला तो प्रश्नच अवघड होता.

निष्पर्ण झाड ओळखायचं तर आधी काय नाही ते पाहायचं. एक कोवळी डहाळी नखाने खरवडली. चीक आला नाही. सप्तपर्णी, कण्हेर, वड-उंबराचा सगळा परिवार, सगळे एका खरवड्यात गेले. मागच्या अंगणातल्या झाडाचं लाकूड कोणी जाळायला निघालं तर ही पहिली चाचणी मी कोणालाही सांगेन. पांढरा चीक दिसला की तिथेच थांबायचं. कण्हेरीच्या, मग ती लाल असो की पिवळी, प्रत्येक भागात हृदयाचे ठोके बिघडवणारी द्रव्यं असतात. त्या लाकडाचा धूर अन्नाच्या आसपाससुद्धा नको.

मग पानं गळाल्यावर डहाळीवर राहिलेले वण. ते समोरासमोर नव्हते, एकाआड एक होते, आणि चांगले मोठे, तीन पाकळ्यांचे. मोठा वण म्हणजे मोठं पान, म्हणजे बहुतेक संयुक्त पान. सुताराचा साग इथे गेला, कारण सागाची पानं समोरासमोर येतात. महोगनीची शंका अजून राहिली. तिचं पानही संयुक्त, एकाआड एक. पण ते एका दांडीचं असतं, आणि तिचं लाकडी बोंड मुठीएवढं. असं बोंड आत्याने वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

सुताराची चूक समजण्यासारखी होती. तुकड्याच्या कापल्या तोंडावर थोडं पाणी लावलं तर वर्षाची वलयं स्वच्छ दिसत होती आणि प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ होती. सागात अगदी असंच असतं. बाहेरचा थर पिवळट, आतला गाभा तांबूस तपकिरी. कडुनिंबाच्या लाकडात अशी छिद्रांची ओळ नसते, छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली असतात. तेव्हा शेजारच्या काकांचं उत्तरही डळमळलं.

नाल्यातल्या बिया

अंगण झाडलं होतं खरं, पण मोरीच्या नाल्याची जाळी कोणी उचलली नव्हती. ती उचलली तेव्हा गाळात दोन गोष्टी मिळाल्या. एक, सुतासारख्या बारीक, फुटभर लांब, वाळलेल्या दांड्या. त्यांना बाजूने जोडीजोडीने आणखी दांड्या फुटलेल्या होत्या. कडुनिंबाच्या पानाला एकच दांडी असते आणि तिच्यावर थेट पर्णिका, म्हणजे वाकड्या कोयत्याच्या आकाराची ती ओळखीची पानं. इथे दांडीला दांडी होती, म्हणजे द्विपिच्छकी पान. दुसरी गोष्ट म्हणजे बिया. वाटाण्याहून थोड्या मोठ्या, दगडासारख्या टणक, आणि प्रत्येकीवर पाच-सहा उभ्या धारा. निंबोळीची बी लांबट आणि गुळगुळीत असते.

मी त्या धुऊन वर्तमानपत्रावर ठेवल्या. आत्या चहा घेऊन आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, हे मणी कुठे मिळाले?"

लहानपणी वर्धेला शाळेच्या कुंपणाशी हे झाड होतं. पोरी गळून पडलेली पिवळी फळं भिजवून गर काढायच्या आणि बियांच्या माळा करायच्या. भोक पाडावं लागत नाही, कारण भोक निसर्गतःच असतं. आत्याने गादीची सुई आणली आणि एका बीच्या देठाच्या टोकातून आत सारली. थोडा कुजका गाभा निघाला आणि सुई आरपार गेली. या बीच्या मध्यातून खरंच एक पोकळ वाट जाते, आणि कित्येक देशांत तिचे जपमाळेचे मणी करतात. आत्याने वीस वर्षं झाडाखाली धुणं वाळत घातलं होतं, पण झाड आणि मणी यांची गाठ तिने कधी घातली नव्हती. दरवर्षी पडणारी फळं तिच्या लेखी कचरा होती.

तेव्हा करवतवाला बरोबर होता. बकायन, आपल्याकडे बकाण निंब किंवा विलायती निंब. शास्त्रीय नाव मेलिया ॲझेडेराक.

तरीही मी दादाला महिनाभर थांबायला सांगितलं. त्याला ते फाजील वाटलं. कारण असं होतं की अलीकडे प्लायवुडसाठी शेतकऱ्यांमध्ये मलबार निंबाची लागवड बरीच वाढली आहे. तो याच मेलिया वंशातला सख्खा भाऊ आहे. त्याची फळं मोठी आणि फुलं हिरवट पांढरी असतात. नाल्यातल्या बियांचा आकार पाहता माझी खात्री जवळजवळ झाली होती, पण फूल पाहिल्याशिवाय नाव लिहू नये, असं आमचे सर शिकवायचे. मार्चच्या मध्याला वहिनीने फोटो पाठवला. पानं फुटायच्या बरोबरीनेच फिक्या जांभळ्या फुलांचे घोस आले होते, प्रत्येक फुलाच्या मधोमध गडद जांभळी नळी होती, आणि वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे संध्याकाळी मागचं दार उघडलं की वास घरात येत होता. पाडव्याला आपण गुढीला बांधतो तो कडुनिंबाचा मोहोर पांढरा असतो. विषय संपला.

कडुनिंब आणि बकाण यांच्यात गोंधळ होतो म्हणून शेजारच्या काकांना हसायचं कारण नाही. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये दोघांना मेलियातच बसवलं होतं. एक मेलिया ॲझाडिराक्टा, दुसरा मेलिया ॲझेडेराक. दोन्ही नावं 'आझाद दरख्त' या फारसी शब्दांवरून आली. कडुनिंबाला स्वतःचं वेगळं घर मिळायला त्यानंतर पाऊणशेहून अधिक वर्षं लागली. आणि सुताराची महोगनीही तशी नात्यातलीच आहे. कडुनिंब, बकाण, महोगनी आणि तून ही सगळी एकाच कुळातली झाडं.

नाव कळलं, पुढे काय

दादाला वाटलं, नाव मिळालं म्हणजे उत्तर मिळालं. "मग सांग न, चालते का नाही चालत?"

बकाण विषारी झाड आहे, यात वाद नाही. पण विष सगळीकडे सारखं नसतं. सर्वात जास्त असतं फळात. डुकरं आणि कुत्री फळं खाऊन मेल्याची उदाहरणं पशुवैद्यकात जुनी आहेत. माणसांत, विशेषतः मुलांत, उलट्या, जुलाब आणि थरथर होते. पक्षी मात्र तीच फळं बिनधास्त खातात आणि बिया गावभर पसरवतात. त्यामुळे हे झाड आत्याच्या अंगणात कोणी लावलेलं नसेल, एखाद्या पक्ष्यानेच लावलं असेल. फळांतली द्रव्यं लिमोनॉइड नावाच्या कडू रसायनांच्या वर्गातली असतात. आता गंमत पाहा, संत्र्याच्या बीचा कडूपणाही लिमोनॉइडचाच, आणि संत्रा आपण ढिगाने खातो. वर्ग एक असला म्हणून विष एक होत नाही.

कुळ पाहून ठरवावं असंही काही जण सांगतात. तेही पुरत नाही. आंबा आणि बिबा एकाच कुळातले. आंब्याचं लाकूड होमात जळतं, चुलीत जळतं, त्यावर स्वयंपाक होतो. बिब्याचं लाकूड चुलीत गेलं तर धुराने चेहरा सुजेल आणि छाती भरेल, कारण अंगावर उतणारं त्याचं तेल धुराबरोबर वर येतं. मग 'ज्याचं फळ खातो, त्याचं लाकूड चालतं' हा लोकप्रिय नियम घ्यावा, तर तोही इथेच फसतो. विदर्भात आपण गोडंबी आवडीने खातो, बिब्याची वाळवलेली फुलं खातो, आणि ती त्याच झाडाची आहेत. नियम बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतो, हे मान्य. पण जिथे चुकतो तिथे महागात चुकतो.

म्हणून मी दादाशी वेगळ्या रस्त्याने बोललो. या लाकडावर माणसांनी पिढ्यान्पिढ्या अन्न शिजवलं आहे का? बाभूळ, चिंच, आंबा, जांभूळ, बोर, पेरू यांना उत्तर हो असं आहे. हॉटेलांच्या तंदुरात बाभळीचा कोळसा असतो. हवाई बेटांवर पेरूचं लाकूड मांस धुरवायला मुद्दाम वापरतात. आपल्या रानात माजलेल्या वेड्या बाभळीची तर गोष्टच निराळी. ती मेस्किट या झाडाची सख्खी बहीण आहे आणि अमेरिकेत मेस्किटचं लाकूड मांस धुरवायला पिशव्यांत भरून विकलं जातं. बकाणाचं लाकूड मात्र जगभर फर्निचर, खेळणी आणि चौकटींसाठी ओळखलं जातं. अन्नाच्या धुरासाठी त्याचं नाव कोणी घेत नाही. करवतवाल्याने एका वाक्यात हेच सांगितलं होतं.

शिवाय या विशिष्ट झाडाचा इतिहास होता. खोडाला खालून तीन फूट ऑइलपेंटचे पट्टे होते, धुण्याच्या तारेचे खिळे होते, आणि आत्याच्या आठवणीप्रमाणे दर दोन वर्षांनी बुंध्याशी वाळवीचं औषध ओतलं जायचं. फांदी वरची असली तरी मुळांतून काय चढलं याचा हिशेब कोण ठेवणार? माझं मत मी स्पष्ट सांगितलं. दादाने खाल्लेल्या तंगडीने काही होणार नव्हतं. हे कडू रेणू जड असतात, धुराबरोबर सहज उडून मांसावर जाऊन बसणारे नाहीत. पण चांगली लाकडं हाताशी असताना याच लाकडाचा हट्ट धरायचं एकही कारण नाही.

दादाचं म्हणणं, "धुराचा वास तर मस्त होता." असेलही. वासावरून जहर कळलं असतं तर वैद्यांची अर्धी पिढी बेकार झाली असती.

पण कोंबडी कडू का झाली?

याचं उत्तर सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. निंब कडू, म्हणून धूर कडू, म्हणून कोंबडी कडू. हे इतकं सरळ वाटतं की तपासावंसंच वाटत नाही. मला ते पटलं नव्हतं. लाकूड आठ दिवसांचं ओलं होतं आणि दादाने, धूर टिकावा म्हणून, ड्रमचं वरचं धुराडं जवळजवळ बंद ठेवलं होतं.

लाकडाचा धूर कसा होतो ते थोडक्यात सांगायला हवं. सुमारे 200 ते 300 अंशांना लाकडातलं हेमिसेल्युलोज मोडायला लागतं, त्यानंतर सेल्युलोज. यांतून मांसाला सोनेरी रंग आणणारी द्रव्यं मिळतात. लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, त्याहून वर, 400-500 अंशांपर्यंत मोडत राहतं आणि त्यातून ग्वायाकॉल, सिरिंगॉलसारखे फिनॉल येतात. आपण ज्याला धुराची चव म्हणतो ती मुख्यतः यांची. देवदार-चीडसारख्या सूचिपर्णी झाडांत सिरिंगॉल देणारं लिग्निन जवळपास नसतं, वर राळ असते, म्हणून ती लाकडं वर्ज्य. लाकूड ओलं असलं की विस्तवाची ताकद पाणी उडवण्यात जाते, आच बसते, ज्वलन अर्धवट राहतं आणि दाट पांढरा धूर येतो. त्यात डांबराचे थेंब असतात, आणि ते थंड मांसावर जाऊन चिकटतात. धुराडं बंद असेल तर तो धूर तिथेच घुटमळतो. जीभ बधिर करतो तो हा थर.

आपल्या आज्यांना हे माहीत होतं. भरताचं वांगं भाजायला वाळलेल्या तुराट्या किंवा पऱ्हाट्या लागतात, ओल्या नाही. ओल्यावर भाजलं की भरीत धुरकट लागतं, आणि घरात धुरकट हा शब्द शिवीसारखाच वापरतात. (पऱ्हाट्यांवर मात्र आता बोंडअळीच्या फवारण्या इतक्या झालेल्या असतात की मी तरी त्या टाळतो.)

तर चाचणी करायची ठरली, आणि त्यासाठी दुसरं लाकूड हवं होतं. वहिनीचं माहेर काटोलचं. तिथे तिच्या काकांनी संत्र्याची जुनी बाग काढायला घेतली होती. मी सहा किलो लाकूड मागवलं, पण एक अट घालून. बुंध्याचं नको, डोक्याच्या वरच्या फांद्यांचं पाठवा.

संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला कारण सांगावं लागत नाही. डिंक्या रोगासाठी बुंध्याला कमरेपर्यंत बोर्डो पेस्ट लावतात, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. वर्षानुवर्षं लावलेली ती निळसर पेस्ट सालीच्या भेगांत बसते. मोरचुदात तांबं असतं. अशी साल विस्तवात घालायची नाही. शिवाय बहुतेक झाडांचा खालचा भाग संत्र्याचा नसतोच, तो जंबेरी या लिंबाच्या जातीचा असतो आणि त्यावर संत्र्याचा डोळा बांधून कलम केलेलं असतं. ते काही वाईट नाही, पण संत्र्याचं लाकूड हवं असेल तर जोडाच्या वरचंच घ्यावं. आलेल्या फांद्या आम्ही सोलल्या. फवारणीचं जे काही असेल ते सालीबरोबर जावं, एवढाच विचार. लाकूड फिकट पिवळं, घट्ट, वजनाला भारी निघालं. काट्यांनी दादाचे दोन्ही हात ओरबाडले.

निम्मे तुकडे ओलेच, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले. निम्मे गच्चीवर, विटांवर, सावलीत रचले. एका तुकड्यावर पेनाने खूण करून वहिनी दर रविवारी स्वयंपाकाच्या काट्यावर तो तोलायची. सुरुवातीला 640 ग्रॅम. एप्रिलच्या शेवटच्या दोन आठवड्यांत काटा 455 वर थांबला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड हवेशी जुळलं. टोकांना तारेसारख्या भेगा पडतात, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर 'थप्प' ऐवजी 'टण्ण' वाजतं. पुण्या-मुंबईकडे याला सहा महिने धरतात. नागपूरचा एप्रिल हा फुकटचा ड्रायर आहे, उन्हाळ्याबद्दल एवढं एकच चांगलं बोलता येतं.

मग एका शनिवारी तीन फेऱ्या झाल्या. ड्रम तोच, बाभळीचा कोळसा तोच, प्रत्येक फेरीला चार तंगड्या, नुसतं मीठ आणि हळद. सावजी मसाला लावू का, असं दादाने विचारलं होतं. मी नको म्हटलं, सावजीखाली टायर जाळलं तरी कळणार नाही.

पहिली फेरी ओल्या संत्र्याची, धुराडं पाऊणभाग बंद. तासाभरात पांढऱ्या धुराने शेजारच्या काकांनी खिडक्या लावून घेतल्या. तंगड्या काळपट, चव फेब्रुवारीचीच. वहिनी एक कण चाखून म्हणाली, "हेच. हेच होतं ते." झाड गोड फळाचं, आणि कडूपणा हुबेहूब तोच. दुसरी फेरी वाळलेल्या लाकडाची, पण धुराडं तसंच बंद. कडूपणा कमी, तरी मागे घशात काजळीची चव. तिसऱ्या फेरीत वाळलेलं लाकूड, मुठीएवढे फक्त दोन तुकडे, खालची भोकं अर्धी आणि धुराडं पूर्ण उघडं. धूर दिसेना म्हणून दादा अस्वस्थ झाला, झाकण उघडायला निघाला. उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिलं तेव्हा धुराड्यातून निळसर, जवळजवळ न दिसणारी रेघ निघताना दिसली. हवा असतो तो हाच धूर. आतलं तापमान 115 अंशांच्या आसपास टिकलं. पावणेदोन तासांनी हाडाजवळ सुईचा तापमापक 78 दाखवत होता. कोंबडीला आत 74 अंश गाठायलाच हवेत, वरून रंग कितीही छान आला तरी. रंग आला तो पिकल्या संत्र्याच्या सालीचा. चव हलकी, जराशी गोडसर. आत्याने खाल्ली नाहीच, पण वास घेऊन "बरा आहे" म्हणाली.

म्हणजे फेब्रुवारीतल्या कडूपणात बकाणाचा दोष निघाला नाही. बकाण नाकारलं ते वेगळ्या कारणाने. दादाला हे दोन्ही एकदम पटायला वेळ लागला. "मग झाड निर्दोष आहे न?" असं तो दोनदा म्हणाला आणि ओट्यावरच्या ढिगाकडे बघत राहिला.

ढिगाचं काय झालं ते सांगतो. गाभ्याचे मोठे तुकडे सुताराने नेले, महोगनीच्या आशेने नव्हे, बकाण म्हणूनच. त्याने त्यातून दोन पाट आणि भट्टीच्या झाकणाची मूठ करून दिली. ती मूठ चांगली टिकली आहे, धुराच्या बाहेरच्या बाजूला असते. बारीक काड्या कचऱ्यात गेल्या. झाडच काढून टाकावं असं वहिनीच्या मनात होतं, पुतणी तीन वर्षांची आहे म्हणून. शहरी भागात 1975 च्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही महापालिकेची परवानगी लागते, आणि मला विचाराल तर इथे झाड तोडायची गरजही नव्हती. फळं दिसतील तेव्हा झाडून बंद डब्यात टाकायची, पोरीला ती तोंडात घालू द्यायची नाही, आणि बाहेरच्या कुत्र्यासाठी मागचं फाटक लावून ठेवायचं, एवढं ठरलं. आत्याने नाल्यातल्या बियांपैकी सत्तावीस मणी ओवून ठेवले आहेत. ते पोरीच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी, देवघराच्या वरच्या फळीवर आहेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कामठीच्या एका मित्राने दादाला जांभळाच्या लाकडाचं पोतं पाठवलं. दादाने पोतं उघडलंच नाही. मित्राला फोन करून त्याच झाडाची पानं असलेली एक डहाळी आधी पाठव म्हणाला. डहाळी आली, त्याने पान चुरडून हुंगलं, समोरासमोर आहेत का ते पाहिलं आणि फोटो काढून मला पाठवला. पानं समोरासमोर होती, जाड, चकचकीत, कडेला शिरेची एक रेघ. मी हो म्हटलं. मग त्याचा दुसरा प्रश्न आला, पोत्यातलं लाकूड याच झाडाचं कशावरून?